घरच्या घरी स्मोक्ड बीफ टाको, सॉसचा हात जरा आवरून

बहुतेक जण मांस निवडतानाच फसतात. महागाचा, मऊ, बिनचरबीचा तुकडा आणला की सहा तास धुरात राहून त्याचं चामडं होणार, त्यापेक्षा खांद्याकडचा चक घ्यायचा, दीड किलोचा एकच तुकडा, आत चरबीच्या पांढऱ्या रेषा दिसल्या पाहिजेत. ब्रिस्केट, म्हणजे छातीकडचा तुकडा, तोही चालतो पण तो मोठा असतो आणि नवख्याला दमवतो.

आदल्या रात्री त्याला एक मोठा चमचा मीठ, तेवढीच जाडसर कुटलेली मिरी, थोडा पॅप्रिका आणि गार्लिक पावडर चोळायची आणि न झाकता फ्रीजमध्ये ठेवून द्यायचं.

आता धूर. स्मोकर नसला तरी झाकणवाला साधा ग्रिल पुरतो. कोळसे एका बाजूला, मांस दुसऱ्या बाजूला, त्याच्याखाली पाण्याचा ट्रे, आणि कोळशांवर ओक किंवा हिकरीच्या लाकडाचे दोन-तीन ठोकळे. मेस्किटचं लाकूड वापरणार असाल तर कमी टाका, त्याचा धूर फार उग्र. सुरुवातीला पांढरा दाट धूर येतो तेव्हा घाई करून मांस आत ठेवायचं नाही, चव कडू होते, धूर पातळ, निळसर झाला की मग ठेवायचं. ग्रिलच्या आतलं तापमान ११० ते १२० सेल्सियसच्या मध्ये राहू द्या, आणि दर दहा मिनिटांनी झाकण उघडून बघायची खाज आवरा, प्रत्येक वेळी उष्णता निघून जाते.

मीट थर्मामीटर मात्र लागतोच, त्याच्याशिवाय सगळा अंदाजपंचे कारभार. कारण मांस आतून ६५-७० डिग्रीला पोचलं की आकडा अडकतो, तासन् तास हलतच नाही. पहिल्यांदा मला वाटलं कोळसे विझले, मी भर घालत बसलो आणि बाहेरून सगळं करपवून ठेवलं. झालेलं काहीच नसतं, मांसातलं पाणी पृष्ठभागावरून उडत असतं आणि त्यानेच ते थंड राहतं, घाम आल्यावर आपल्याला गार वाटतं तसंच. वरचा थर छान गडद झालेला असेल तर इथे फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा, गाडी पुढे सरकते.

९३-९५ डिग्रीला सुई लोण्यात गेल्यासारखी आत गेली की झालं. तोवर मांसातल्या चिवट तंतूंचं, म्हणजे कोलॅजनचं, मऊ जिलेटिन होतं, मांस सुटतं ते त्यामुळे. एकूण सहा ते आठ तास धरा, वर गुंडाळलेलंच तासभर मुरू द्या.

त्या तासात सॉस. एक कप केचप, पाव कप व्हिनेगर, तीन मोठे चमचे ब्राउन शुगर, एक मोठा चमचा वूस्टरशर सॉस, छोटा चमचा मोहरीची पेस्ट, थोडं लाल तिखट, मंद आचेवर पंधरा मिनिटं. मग फॉइलमध्ये साठलेला रस वरची चरबी काढून यातच ओता, बाटलीतल्या सॉसला ही चव येणं शक्यच नाही. शिजताना मात्र मांसाला सॉस फासू नका, साखर करपते.

मांस दोन काट्यांनी मोकळं करायचं आणि सगळ्याला मिळून चार चमचेच सॉस. माझं ठाम मत, सॉसमध्ये पोहणारं मांस म्हणजे आठ तासांचा धूर वाया.

मक्याच्या टॉर्टिया (पातळ पोळ्या) कोरड्या, कडक तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिनिट शेकून फडक्यात गुंडाळून ठेवा, थंड असल्या की मोडतात. वरून लिंबू-मिठात अर्धा तास ठेवलेला पातळ कांदा, कोथिंबीर, बारीक चिरलेला कोबी. एवढ्या चरबी आणि साखरेला आंबट हवंच, त्यामुळे कांदा वगळू नका, चीज खुशाल वगळा.

ग्रिलच नसेल तर मांस झाकून १३० डिग्रीला ओव्हनमध्ये चार-पाच तास, सुई सहज जाईपर्यंत, आणि मसाल्यात स्मोक्ड पॅप्रिका, सॉसमध्ये चिपोटले, म्हणजे धुरात वाळवलेली मिरची. खरा धूर नाही तो, पण बरं लागतं. फक्त पाऊस आला म्हणून पेटता ग्रिल घरात किंवा गॅरेजमध्ये घेऊ नका, कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, जीव जातो.

उरलेलं मांस दुसऱ्या दिवशी सॉस न घालता तव्यावर कडा कुरकुरीत होईपर्यंत परता, मला तर तेच टाको जास्त आवडतात.