भात पोटरीत आलं, कॅमेऱ्यातलं कार्ड तपासलंत का?

चवथ झाली की गोव्यातल्या सत्तरी, सांगे, काणकोणात भात पोटरीत येतं आणि रानडुकरं रात्री खाचरात उतरतात. राखणीसाठी काहींनी सिमवाले कॅमेरे लावलेत, जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढून फोनवर धाडणारे. सिम चालू, बॅटरी भरलेली, पण आत काजूच्या हंगामातलं मेमरी कार्ड तसंच, गच्च भरलेलं. याच एका हयगयीने पीक गेलेलं मी पुन्हा पुन्हा पाहतो.

गेल्या वर्षी एका शेतकऱ्याच्या फोनवर चार रात्री एकही फोटो आला नाही. डुकरं फिरकत नाहीत असं समजून तो राखणीला गेला नाही. पाचव्या सकाळी खालचं खाचर आडवं झालेलं. कॅमेरा उघडला, तर कार्ड भरलेलं आणि त्याच्या सोनेरी पट्ट्यांवर दमटपणाचा हिरवट थर. कार्ड भरलं की बरेच कॅमेरे फोटो काढणंच थांबवतात. म्हणून फोन गप्प असला तर त्याच दिवशी कॅमेऱ्यापाशी जा.

फोनवर येतो तो बहुधा लहान केलेला फोटो, मूळ फोटो कार्डातच राहतो. डोंगराआड रेंज नसेल तर सगळी भिस्त कार्डावरच. भरपाईच्या अर्जाला जोडायला तारीख-वेळेचा स्वच्छ फोटोही तिथूनच काढायचा.

दुकानदार 256 जीबीचं महागडं 'प्रो' कार्ड गळ्यात मारतो. ते घेऊ नका. नुसत्या फोटोंना 32 जीबी, क्लास 10 (कार्डावर छापलेला वेगाचा दर्जा) पुरतं, त्यात काही हजार फोटो मावतात. त्याहून मोठं कार्ड जुने कॅमेरे ओळखतीलच असं नाही. तुमच्या कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत कमाल किती जीबी लिहिलेत तेवढंच खरं. मोठ्या खाचेत अडॅप्टर घालून छोटं कार्ड बसवू नका, दमट हवेत तो जोड आधी दगा देतो. फुकटात मिळाल्यासारखं 512 जीबीचं कार्ड बहुतेक वेळा बनावट निघतं.

या आठवड्यात:
- जुने फोटो संगणकावर उतरवा
- कॅमेरा बंद करूनच कार्ड काढा-घाला
- कार्डाच्या कडेची कुलूप-पट्टी (लॉक) उघडी ठेवा
- सोनेरी पट्ट्या कोरड्या कापडाने पुसा
- कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, म्हणजे पूर्ण रिकामं करा
- सिलिका जेलची पुडी बदला
- समोर चालून फोनवर फोटो येतो का पाहा

दोन कार्डं आलटून-पालटून वापरा. आणि माझा नुसता अंदाज सांगतो: सलग दोन पावसाळे कॅमेऱ्यात राहिलेलं कार्ड तिसऱ्यात भरवशाचं राहत नाही. ते घरच्या फोटोंना द्या. फॉरमॅट मात्र आजच करा, कापणीपर्यंत थांबू नका.