पीव्हीत जॉब लागलाय? मग आधी डे झिरो नीट समजून घ्या

बी.फार्मचं शेवटचं सेमिस्टर आलं की ज्युनियर पोरापोरींचे मेसेज सुरू होतात, ताई पीव्हीत जाऊ का, स्कोप आहे का, नुसती डेटा एन्ट्रीच असते का. प्रत्येकाला वेगळं टाइप करायचा कंटाळा आलाय म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. पीव्ही म्हणजे फार्माकोव्हिजिलन्स, औषधांच्या दुष्परिणामांचे रिपोर्ट गोळा करून त्यांवर नजर ठेवायचं काम; त्याची व्याख्या, थॅलिडोमाइडच्या गोळीने बाळांमधे आलेलं व्यंग, १९६१ वगैरे तुम्ही पेपरात लिहून मार्क घेतलेत, ते परत सांगत बसत नाही.

स्कोप आहे. पुण्यात हिंजवडी-खराडी, तिकडे ठाणे-ऐरोली पट्ट्यात ड्रग सेफ्टीचं काम चालतं आणि त्यातलं बरंचसं युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांसाठी असतं. सुरुवातीचा पगार ऐकून मामा-मावशी खूश होतील असं काही नाही, शेअरिंगची रूम आणि डबा यातच बराचसा जातो. आणि हो, डेटा एन्ट्री असते, सुरुवातीला तर भरपूर असते, उगाच खोटं कशाला बोलू. पण कशाची असते ते बघा ना. पाळीत पोट दुखलं की आपल्याकडे बायका सर्रास घेतात ती मेफेनामिक ॲसिडची गोळी, तिच्याबद्दल गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनने (आयपीसी, औषधांचे दर्जे ठरवणारी सरकारी संस्था) ३० नोव्हेंबर २०२३ ला अलर्ट काढला, की हिच्यामुळे ड्रेस सिंड्रोम होऊ शकतो, म्हणजे पुरळ, ताप, गाठी सुजणं, आतल्या अवयवांना त्रास, आणि हे सगळं गोळी घेतल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी! इतक्या दिवसांनी कोणाच्या डोक्यात येणारे की हे त्या गोळीमुळे झालं? पीव्हीपीआयच्या, म्हणजे देशभरातून दुष्परिणामांचे रिपोर्ट गोळा करणाऱ्या सरकारी कार्यक्रमाच्या, डेटाबेसमधे जमा झालेले रिपोर्ट बघूनच ते लक्षात आलं. ते रिपोर्ट कोणीतरी असंच कंटाळत, जांभया देत भरले असणार.

आता मुद्द्याचं. मेडड्रा कोडिंग (त्रासाला ठरलेला वैद्यकीय शब्द लावणं), नॅरेटिव्ह (केसची हकीकत लिहिणं), आर्गस (केस भरायचं सॉफ्टवेअर) हे सगळं हळूहळू येतं, त्याचं टेन्शन घेऊ नका. पण डे झिरो, म्हणजे रिपोर्टची मुदत जिथून मोजतात तो दिवस, पहिल्या आठवड्यातच पक्का करा, कारण मी याच्यातच अडकले होते आणि अजूनही नवीन बॅच आली की तीच गंमत बघते.

केस (म्हणजे एका पेशंटच्या त्रासाचा एक रिपोर्ट) व्हॅलिड व्हायला चार गोष्टी लागतात हे इंटरव्ह्यूत सगळेच पोपटासारखं म्हणतात: ओळखता येईल असा पेशंट, ओळखता येईल असा रिपोर्टर (त्रास कळवणारा), संशयित औषध आणि झालेला त्रास. या चार गोष्टी कंपनीच्या कुठल्याही माणसाला ज्या दिवशी कळल्या तो दिवस डे झिरो. सिरीयस केस असेल तर युरोपात तिथून १५ दिवसांत औषध नियामकाकडे रिपोर्ट गेला पाहिजे. कॅलेंडरचे दिवस हां, वर्किंग डेज नाहीत. मधे दिवाळी आली तरी घड्याळ चालूच.

समजा सोलापुरात एक एमआर (कंपनीचा औषध प्रतिनिधी) शनिवारी संध्याकाळी डॉक्टरांच्या केबिनमधे बसलाय, डॉक्टर सहज बोलून गेले, "अरे तुमच्या त्या गोळीने आमच्या एका साठीच्या बाईंना अंगभर पुरळ आलं, ॲडमिट करावं लागलं." एमआर रविवारी घरी. सोमवारी त्याने मेल टाकला, सेफ्टी टीमने मंगळवारी उघडला, तुमच्या क्यूमधे केस बुधवारी आली. डे झिरो कुठला? शनिवार. बुधवार नाही, मंगळवार नाही, मेल ज्या दिवशी टाकला तो सोमवारपण नाही. तुम्ही कंपनीसाठी काम करणाऱ्या व्हेंडरकडे असाल तरी तेच, तुमच्या हातात कधी आली याला शून्य किंमत. म्हणजे केस उघडलीत तेव्हाच चार दिवस गेलेले असतात.

आता खरी अडचण पुढे. ती केस उघडली की दिसतं, डोस नाही, बॅच नंबर नाही, तारखा नाहीत, नक्की वय नाही, लॅब रिपोर्ट तर विसराच. नवीन माणसाला वाटतं ही तर अर्धवट केस आहे, फॉलोअप पाठवू, उत्तर आलं की बुक करू. मला तर सीनियरनेच सांगितलं होतं, "इन्कम्प्लीट आहे ना, पेंडिंगला टाक." मीही टाकली. कंपनीचं नाव घेत नाही पण ती केस लेट गेली, मग डेव्हिएशन (नियम चुकल्याची नोंद), मग रूट कॉज (चूक कशी झाली याचा शोध), आणि त्या मीटिंगमधे सीनियर साहेब एकदम गप्प.

अर्धवट असणं आणि इनव्हॅलिड असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साठीची बाई म्हणजे पेशंट ओळखता आला, नाव लागत नाही, वयोगट किंवा बाई-पुरुष एवढंही चालतं. डॉक्टर म्हणजे रिपोर्टर. गोळी आहे. पुरळ आहे, आणि ॲडमिट केलं म्हणून सिरीयस. झाल्या चार गोष्टी, घड्याळ सुरू. बाकीचं सगळं फॉलोअपमधे येईल, आलं तर आलं, डॉक्टर लोक फॉलोअपला उत्तर देतात याची खात्री कोणी धरू नये. जे आलं ते नंतर फॉलोअप रिपोर्ट म्हणून जाईल आणि त्याचं घड्याळ वेगळं असेल, पहिल्याचं त्याने थांबत नाही. हेच डॉक्टर "काही पेशंट्सना पुरळ येतंय" एवढंच म्हणाले असते तर पेशंट ओळखता येत नाही, केस व्हॅलिड नाही. ती पण नोंदवून ठेवायची आणि विचारत राहायचं, आणि ज्या दिवशी एका पेशंटची माहिती मिळेल तो डे झिरो. एवढा फरक डोक्यात बसला की निम्मी भीती जाते.

म्हणून केस उघडली की आधी सोर्स डॉक्युमेंटमधे कंपनीच्या माणसाला त्या चार गोष्टी कळल्याची सगळ्यात जुनी तारीख शोधा, मेलची साखळी खालून वर वाचा. सिस्टीमने आपोआप उचललेली तारीख बरोबरच असेल असं धरून चालू नका.

घाबरवतेय असं वाटलं असेल तर थांबा, एकटं कोणी पाडत नाही. तुमच्या केसवर क्वालिटी रिव्ह्यू असतो, मेडिकल रिव्ह्यूला डॉक्टर असतो. सुरुवातीला केसेस लाल शेरे घेऊन परत येतात, सगळ्यांच्या येतात. माझ्या मते खरा मेंटॉर तोच, जो शेऱ्यात नियम लिहून पाठवतो. लिंक्डइनवर "डीएम फॉर गायडन्स" करणाऱ्यांपासून लांब राहा.

आणि ते कोर्स! प्लेसमेंट गॅरंटी म्हणून भरमसाठ फी घेणारे, वर "सॉफ्टवेअर ॲक्सेस" म्हणून दोन स्क्रीनशॉट दाखवणारे. घरच्यांच्या एफडी मोडून पोरं भरतात हो. त्यापेक्षा जवळच्या मेडिकल कॉलेजात एडीआर (औषधांचे दुष्परिणाम) मॉनिटरिंग सेंटर आहे का बघा, तिथे जाऊन बसायला मिळालं तर वॉर्डातला खरा फॉर्म भरायला शिकाल. आयपीसीचे स्वतःचे ट्रेनिंग प्रोग्रामही असतात. आणि खोटा एक्स्पिरियन्स दाखवायचा सल्ला कोणी दिला तर त्या माणसाचा नंबर डिलीट करा, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमधे पकडलेली माणसं मी पाहिलीत. मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर काम केलं असेल तर लाज वाटून सीव्हीतून काढू नका, ब्रँड ऐकला की आतलं औषध आठवणारा माणूस आम्हाला हवाच असतो.

इंग्रजीचं भ्यायचं कारण नाही. नॅरेटिव्हमधलं इंग्रजी ठरलेल्या साच्यातलं असतं, मराठी मीडियमची कितीतरी पोरं टीम लीड झालीत. ऑटोमेशनने नुसती एन्ट्रीची कामं कमी होत चाललीत हे मात्र खरंय, म्हणून जॉइन झाल्यापासूनच लेबल (औषधाचं अधिकृत माहितीपत्रक) वाचायची सवय लावा, हा त्रास लेबलमधे आधीच लिहिलेला आहे का हे स्वतः ठरवून बघा आणि मग रिव्ह्यूअरने काय ठरवलंय ते ताडून बघा.

जॉब लागेपर्यंत रिकामे असाल तर घरापासून सुरू करा. आजीला बीपीच्या नवीन गोळीने कोरडा खोकला लागला असेल तर पीव्हीपीआयचा ग्राहकांसाठीचा फॉर्म मराठीतही आहे, तो भरा, नाहीतर १८००-१८०-३०२४ ला फोन करा. फक्त गोळी आपल्या मनाने बंद करू नका, ते तिच्या डॉक्टरांना विचारून. इंटरव्ह्यूत "रिपोर्ट कधी केलाय का" विचारलं की हो म्हणता येईल, आणि पुढचा प्रश्न बहुतेक डे झिरोचाच असेल.