पोरगा पारखायचा कसा: एका पीटी मास्तरची वही

“मास्तर, तुमी खेळूंक नात, तुमकां कशें कळटलें?”

स्वतः खेळला नाहीत तर तुम्हाला काय कळणार? गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या बहुतेक फुटबॉल मैदानांवर हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारलेला आहे, आणि विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. बत्तीस वर्षं मी शाळेत पीटी शिकवली. शिट्टी वाजवली, चुन्याच्या रेघा मारल्या, फाटलेली जाळी सुतळीनं शिवली. क्लबाची जर्सी काही अंगाला लागली नाही. माझा मेव्हणा मात्र गोव्याच्या लीगमध्ये वरच्या डिव्हिजनला नऊ सीझन स्टॉपर, म्हणजे बचावाच्या मधोमध, खेळला. त्याचे दोन्ही गुडघे त्याची साक्ष देतात, पावसाळ्यात जरा जास्तच. दर मे महिन्यात गावच्या क्लबाची चौदा वर्षांखालची टीम आम्ही दोघं कमिटीबरोबर बसून निवडतो. साठ-पासष्ट पोरं येतात, अठरा घ्यायची असतात, आणि हातात दोनच संध्याकाळी. तुम्हीही कुठल्या क्लबाच्या कमिटीवर असाल किंवा शाळेची टीम काढत असाल, तर हे काम कसं करावं ते सांगतो. खेळलेल्या माणसाला काय विचारावं आणि काय विचारू नये, तेही सांगतो, कारण घोळ बहुधा तिथेच होतो.

ट्रायलच्या आधी प्रत्येक नावापुढे जन्मतारीख लिहून घ्या. नुसतं वर्ष नको, महिना हवा. वयोगट १ जानेवारीला कापतात. म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात, आणि दोघांत जवळजवळ वर्षाचं अंतर. तेराव्या वर्षी एवढं अंतर म्हणजे एकाला मिसरूड फुटलेली आणि दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नाही. युरोपातल्या ॲकॅडम्यांत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांतल्या पोरांची गर्दी दिसते ती यामुळेच. आपल्याकडे दाखल्यावरच्या वयाचा वेगळाच खेळ असतो, म्हणून तर फेडरेशन मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय बघतं. गावच्या ट्रायलला एक्स-रे कुठून आणणार? मी आपला पोराच्या बापाची उंची बघतो आणि आईला विचारतो की गेल्या वर्षीची चप्पल यंदा होते का. पाय वाढायला लागलेला असेल तर पोर अजून वाढायचं आहे.

आता बसायचं कुठे? गोलपोस्टमागे बसू नका, तिथे आईबाप असतात. मधल्या रेषेच्या समोर, जमेल तेवढं उंचावर बसा. आमच्या मैदानाला स्टँड नाही, पण एका अंगाला चिऱ्यांचा गडगा आहे, त्यावर आम्ही बसतो. एक पोर निवडायचं आणि दहा मिनिटं फक्त त्याच्याकडे बघायचं. चेंडू कुठेही गेला तरी मान वळवायची नाही. हे दिसतं त्याहून अवघड आहे. पहिल्या वर्षी माझी नजर दर अर्ध्या मिनिटाला चेंडूमागे पळायची. चेंडू जवळ नसताना पोर काय करतं ते बघायचं. कमरेवर हात ठेवून उभं राहतं का? चेंडू यायच्या आधी खांद्यावरून मागे बघतं का? मी काड्या मारून मोजतो: चेंडू मिळण्याआधी कितीदा मान वळली. गायर योर्देत नावाच्या नॉर्वेजियन संशोधकानं इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या मिडफिल्डरांचं, म्हणजे मधल्या फळीतल्यांचं, हेच मोजलं. जास्त वेळा आजूबाजूला बघणाऱ्यांचे पास जास्त नेमके जातात असं त्याला आढळलं. या मोजणीसाठी कुणी खेळलेलंच असावं लागतं असं नाही. पेन्सिल आणि सबुरी पुरते.

मग चिठ्ठी. हा नियम आम्ही भांडून ठरवला आहे: पोराबद्दल तोंड उघडण्याआधी प्रत्येकानं आपलं मत लिहून चिठ्ठी दुमडायची. पूर्वी मेव्हणा पाचव्या मिनिटाला म्हणायचा, “भावोजी, तो सात नंबर बघा.” त्यानंतर साऱ्या कमिटीला सात नंबरच दिसायचा. सात नंबरनं पास चुकवला तर ‘कल्पना चांगली होती’, आणि तसाच पास अकरा नंबरनं चुकवला तर ‘डोकं नाही’. नऊ सीझन खेळलेल्या माणसाच्या शब्दाला वजन असतं. त्या वजनाखाली बाकीच्यांचे डोळे दबतात, आणि मग पाच जणांची कमिटी असून मत एकाचंच उरतं.

आता खेळलेल्या माणसाचा खरा उपयोग. इथे मी त्याच्या पासंगालाही पुरत नाही, आणि हे लिहिताना मला काही कमीपणा वाटत नाही.

एकदा तो गडग्यावर डोळे मिटून बसला होता. मला वाटलं, दुपारच्या माशांच्या जेवणाची गुंगी. तर म्हणाला, “भावोजी, आवाज ऐका. तो मघाचा डावीकडचा, त्याचा बूट चेंडूला लागतो तेव्हा टप् असा कोरडा आवाज येतो. बाकीच्यांचा फसकन येतो.” मी ऐकलं आणि खरंच तसं होतं. दुसऱ्या वेळी त्यानं एका चपळ विंगरला, म्हणजे कडेनं धावणाऱ्या पोराला, बाजूला घेऊन विचारलं, “टाच कधीपासून दुखते?” पोर रडवेलं झालं. ट्रायल बुडेल म्हणून त्यानं घरीही सांगितलं नव्हतं. मी त्याला तासभर पाहत होतो, माझ्या वहीत ‘दुसऱ्या हाफात मंदावतो, दम कमी’ असं लिहिलेलं. दम उत्तम होता, डावी टाच टेकवणं चुकवत होता तो. स्वतः इंजेक्शनं घेऊन खेळलेल्यालाच हे दिसतं.

म्हणून त्याला शरीराचे प्रश्न विचारा, आणि त्याच्या जागेचे विचारा. आमचा स्टॉपर होता, तर त्याला मी विचारतो: “या स्ट्रायकरच्या समोर तू असतास तर तुला काय नको वाटलं असतं?” उत्तर नेमकं येतं. “हा पाठ टेकवून उभा राहतो, पण चेंडू येतानाच एक पाऊल सुटतो. मला धरता आला नसता.” किंवा, “याला आत येऊ दिला की संपला, उजवा पाय नुसता उभं राहायला आहे.” हेच उत्तर मी आठवडाभर बसलो तरी मला सुचणार नाही. गोलकीपर निवडायचा असेल तर गोलकीपर खेळलेला माणूस शोधून आणा, चहा पाजा, हवं तर पेट्रोलचे पैसे द्या. आमची पिढी ब्रह्मानंद शंखवाळकरांना बघत वाढली. ताळगावचे, भारताचे कॅप्टन झाले, २०२२ साली पद्मश्री मिळाली. त्यांना बघून आम्हाला वाटायचं, गोलकीपर म्हणजे झेप. माझ्या वहीतले सगळे फसलेले गोलकीपर मी झेप बघून घेतलेले आहेत. चेंडू सुटण्याआधीची दोन पावलं बघायची असतात हे मला फार उशिरा एका जुन्या गोलीनं सांगितलं. चांगला गोली जागेवर आधीच पोचलेला असतो, त्याला झेपावं लागतच नाही.

विचारू नये तो प्रश्न असा: “हा मोठा होईल का?”

इथे खेळलेला माणूस तुमच्या-माझ्याइतकाच आंधळा, कधी कधी जास्तच, कारण त्याला पोरात स्वतःचं पोरपण दिसतं. मेव्हण्याला उंच, हाडापेराची, जरा दांडगी पोरं आवडतात. ती आळशी असली तरी ‘होईल हळूहळू’. किडमिडीत पोर आलं की ‘वाऱ्यानं उडेल’. एका वर्षी मये गावातून एक पोर आलं होतं, नोव्हेंबरचा जन्म, मोजे गुडघ्याच्या वर जात होते. चेंडू पायाला चिकटल्यासारखा. मेव्हण्याची चिठ्ठी ‘नको’, आणि मीही त्याच्या रुबाबाला दबून ‘नको’ लिहिलं. तेव्हा चिठ्ठ्यांचा नियम नवा होता, आणि मी चोरून त्याच्या कागदात डोकावलो होतो. पुढे दोन वर्षांत ते पोर वीतभर वाढलं आणि शेजारच्या गावाकडून आमच्याचविरुद्ध दोन गोल करून गेलं. पुढे मँचेस्टर युनायटेडकडून गाजलेल्या जॉर्ज बेस्टलाही बेलफास्टच्या घरच्या क्लबानं लहानखुरा म्हणून नाकारलं होतं. त्याला युनायटेडकडे पाठवणारा बॉब बिशप स्थानिक पोरांचे क्लब सांभाळणारा माणूस होता, कुठला नावाजलेला खेळाडू नव्हे.

पण लगेच ‘न खेळलेलाच बरा’ असंही म्हणू नका. बार्सिलोनाचा कार्लेस रेशाक स्वतः त्या क्लबाचा जुना विंगर. तेरा वर्षांच्या मेस्सीला बघायला तो उशिरा आला, आणि मैदानाला वळसा घालून बाकापर्यंत पोचेतो त्याचा निर्णय झालेला होता. डिसेंबर २००० मध्ये त्यानं नॅपकिनवर करार लिहून दिला. उलट बाजूला मॅराडोना. त्याच्याहून मोठा खेळाडू कुठला आणायचा? २०१० च्या वर्ल्डकपला अर्जेंटिनाचा कोच म्हणून त्यानं झानेत्ती आणि काम्बियासो या दोघांना घरी ठेवलं. दोघंही त्याच वर्षी मे महिन्यात इटलीच्या इंटर मिलान क्लबाकडून चॅम्पियन्स लीग जिंकलेले. अर्जेंटिना जर्मनीकडून ४-० हरली. आणि न खेळलेल्यांच्या बाजूनं: इंग्लंडच्या लेस्टर क्लबाला रियाद महरेझ मिळवून देणारा स्टीव्ह वॉल्श फ्रान्सात ले हाव्रला भलत्याच खेळाडूला बघायला गेला होता. हा वॉल्श आधी शाळेत पीटी शिकवायचा. २०१६ साली लेस्टर लीग जिंकली तेव्हा ही बातमी मी मेव्हण्याला दोनदा वाचून दाखवली.

मला सगळ्यात पटलेली जोडी मात्र ब्राझीलची. कार्लोस आल्बेर्तो परेरा कधी प्रोफेशनल खेळलाच नाही, १९७० च्या टीमबरोबर तो कसरत घेणाऱ्यांत होता. म्हणजे आमच्याच बिरादरीतला. झागालो खेळाडू म्हणून १९५८ आणि १९६२ चा वर्ल्डकप जिंकलेला आणि १९७० चा कोच. १९९४ ला परेरा कोच आणि झागालो त्याच्या शेजारी बाकावर, आणि कप ब्राझीलचा. २००६ ला तीच जोडी पुन्हा बसली आणि क्वार्टर फायनलला फ्रान्सकडून हरली, हे मेव्हणा मला दर वेळी आठवण करून देतो.

एका ट्रायलवर भागवू नका. पोर निदान तीनदा बघा, आणि तिन्ही जमिनी वेगळ्या असू द्या. मे महिन्यातलं मैदान सिमेंटसारखं कडक, चेंडू गुडघ्यावर उसळतो. जूनमध्ये चिखल. भात कापल्यावर मळ्यात वाड्यावाड्यांच्या टूर्नामेंटी सुरू होतात, तिथे खुंटांवरून चेंडू कुठे वळेल ते देवालाच ठाऊक. खुंटांत चेंडू हुकला म्हणून पोराचा पहिला टच, म्हणजे आलेला चेंडू पायाशी थांबवणं, वाईट ठरवू नका. हुकल्यावर पुढच्या दोन सेकंदांत ते काय करतं ते बघा. तसंच, आपल्या टीमवर गोल झाला की लगेच वही उघडा. कोण गोलीकडे बघून हात झटकतो आणि कोण जाळीतून चेंडू काढून मधल्या रेषेकडे पळतो, ते लिहून ठेवा. आणखी एक: बूट कुणाचे आहेत ते विचारा. आमच्याकडे अजून निम्मी पोरं थोरल्या भावाच्या बुटांत कागद कोंबून येतात, आणि आम्ही वर म्हणतो की पास ढिला आहे.

आता वहीचं मुख्य काम, जे कुणी करत नाही. चिठ्ठ्या फेकू नका. तारीख घालून वहीत चिकटवा आणि दोन वर्षांनी उघडा. ज्यांना ‘हो’ म्हटलं त्यांचं काय झालं ते लिहा, आणि ज्यांना ‘नको’ म्हटलं त्यांचंही. नाकारलेल्यांचा हिशेब ठेवला नाही तर प्रत्येक जण आपल्याला मोठा पारखी समजतो. मेव्हण्याला त्यानं हेरलेली तीन पोरं तोंडपाठ आहेत, त्यांची नावं तो लग्नाच्या पंगतीतही सांगतो. हुकलेली बावीस माझ्या वहीत आहेत. माझी हुकलेलीही आहेत, शाई वेगळी. सगळ्या वर्षांचं मिळून बघितलं तर डिफेन्सवाल्यांत तो माझ्या कितीतरी पुढे आहे. विंगर आणि छोट्या मिडफिल्डरांत मी पुढे आहे. गोलकीपरबद्दल वर लिहिलंच आहे. आता आम्ही त्याप्रमाणे वाटणी केली आहे: डिफेन्समध्ये मतभेद झाला तर त्याची चिठ्ठी चालते, पुढच्या फळीत माझी. साधा नियम, पण तो मान्य व्हायला सात वर्षं आणि एक शिगमो अबोल्यात गेला.

ज्याला घ्यायचं नाही त्याला तोंडावर सांगा. पंचायतीच्या फळ्यावर यादी लावून पळू नका. एकच कारण सांगा, त्याला समजेल असं, आणि परत यायची तारीख द्या. “डाव्या पायानं भिंतीवर मार, गणेश चतुर्थी झाली की पहिल्या रविवारी ये.” बहुतेक पोरं येत नाहीत. गेल्या वर्षी एक आलं. काटकुळं, लांब पायांचं, स्टॉपर. माझी चिठ्ठी ‘नको, वळायला वेळ लागतो’. मेव्हण्याची ‘हो’. आम्ही त्याला पुन्हा तासभर खेळवलं. वळायला अजून वेळ लागतच होता, पण वळायची पाळी येऊ न देता तो आधीच दोन पावलं मागे उभा राहत होता. मी वही मिटली. मेव्हण्यानं पुढे गाड्यावर जाऊन दोन प्लेट मिरची भजी सांगितली आणि गाडेवाल्याला म्हणाला, “पयशे मास्तर दितलो.”