फेस येत नाही म्हणून अजून शाम्पू ओतताय? जरा थांबा

आपल्याकडे फेस आला की स्वच्छ झालं, हे डोक्यात पक्कं बसलंय. पण फेस म्हणजे साबणाच्या पाण्यात अडकलेली हवा. तेल, मळ सोडवायचं काम पाण्यातला साबण करतो, बुडबुडे नुसते वर मिरवतात.

डोक्याला तेल चोपडलेलं असताना पहिल्या हाताला शाम्पूचा फेस येतच नाही, कारण तेल फेस मोडतं, आणि मग आपण वैतागून अर्धी बाटली उपडी करतो. तसं नका करू. केस आधी नीट भिजवा, थोडासाच शाम्पू तळहातावर पाण्यात कालवा, बोटांनी मुळाशी मिनिटभर चोळा आणि धुऊन टाका. मग त्याच्या निम्म्या शाम्पूत दुसरा हात मारा, बघा कसा भसाभसा फेस येतो. शाम्पू तोच, तेल गेलंय एवढंच!

बोअरच्या पाण्याची भानगड वेगळी. त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम अंगाच्या साबणाला धरतं, फेसाऐवजी पांढरट साका होतो, तोच बादलीच्या कडेला चिकटून बसतो. खात्री करायची तर बाटलीत ते पाणी आणि साध्या साबणाचा थोडा कीस टाकून जोरात हलवा, पाणी गढूळ झालं आणि फेस लगेच बसला तर पाणी जड आहे. मग साबण जास्त घासण्यापेक्षा बॉडीवॉश वापरा, त्याचं जड पाण्यात एवढं अडत नाही.

चेहऱ्याचं म्हणाल तर फेसवॉशनंतर कातडी ताणल्यासारखी वाटली म्हणजे ती जास्त स्वच्छ झाली असं नाही, कोरडी पडली. बेसनाला कुठे फेस येतो, तरी तेलकटपणा जातोच ना?

फ्रंट लोड मशीनमध्ये तर फेस नडतोच. कपडे एकमेकांवर आपटून मळ निघायचा असतो, मधे फेसाची गादी झाली की ते होत नाही, म्हणून कमी फेसाची पावडर घ्या आणि पाकिटावर लिहिलीय तेवढीच टाका. शंका असेल तर धुतलेला टॉवेल साध्या पाण्यात खळबळून बघा, फेस आला तर पावडर अजून आतच आहे.

भांड्यांना मात्र फेस कामाचा. वाटीत कालवलेल्या लिक्विडचा फेस बसला की तेलाने साबण खाल्ला समजा आणि नवीन कालवा. आणि धुतल्यावर कढईच्या कानामागे बोट फिरवा, ओशट तिथेच राहतं.