गरज कोणती आणि हौस कोणती, हे कसे ठरवावे

एखादी गोष्ट गरज आहे की हौस, हे ठरवताना ती न मिळाल्यास नेमके काय बिघडते, हे आधी पाहावे. पाणी, अन्न, झोप यांबाबत शरीरच उत्तर देते. तिथे काथ्याकूट नको.

त्यापुढे गरज आणि ती भागवण्याचे साधन वेगळे करावे, कारण गरज बहुधा टिकते, साधन मात्र समाजागणिक बदलते. अ‍ॅडम स्मिथ या अर्थशास्त्रज्ञांनी १७७६ मध्ये नोंदवले की ग्रीक आणि रोमन लोक लिननच्या सदऱ्यावाचून सुखाने राहत असत, पण स्मिथ यांच्या काळच्या युरोपात रोजंदारीवरच्या मजुरालाही त्यावाचून चारचौघांत जाण्याची लाज वाटे. खरी गरज होती ती मान खाली न घालता वावरण्याची.

मोबाइलही असाच तपासावा. नोकरीचा अर्ज आणि बँकेचे व्यवहार त्यावरच चालत असतील, तर त्याला चैन म्हणणे (सुस्थितीतले लोक ते सर्रास म्हणतात) अन्यायाचे आहे. दरवर्षी नवे मॉडेल घेण्याची ओढ मात्र जाहिरातींनी लावलेली असू शकते.

इतरांच्या गरजा ठरवताना त्यांनाच विचारावे. मात्र दीर्घकाळ वंचित राहिलेला माणूस मागणेच सोडून देतो, त्यामुळे त्याच्या मौनावरून गरज नसल्याचा निष्कर्ष काढू नये.