एका शाखेची जत्रा, सगळ्या शाखांना सुट्टी

एका शिक्षणसंस्थेचं वेळापत्रक मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलं होतं. रचना तीन पायऱ्यांची: संस्था, शाखा, वर्ग. वरचे नियम खाली आपोआप लागू व्हावेत म्हणून चेनमॅप वापरला. तो अनेक डिक्शनऱ्या (किल्ली आणि तिचं मूल्य अशा जोड्यांचे साठे) एकामागे एक जोडून एकच असल्यासारख्या दाखवतो. २०१२ साली पायथन ३.३ सोबत आलेला हा प्रकार मला मनापासून आवडतो. तो काहीच कॉपी करत नाही, किल्ली आधी वर्गात, मग शाखेत, मग संस्थेत शोधतो.

एका शाखेने गावच्या जत्रेची सुट्टी टाकली आणि ती सगळ्या शाखांच्या वेळापत्रकात उमटली. पालकांचे फोन सुरू झाले. दोन रात्री मी डेटाबेसच तपासत बसलो. शेवटी दोन शाखांच्या सुट्ट्यांच्या यादीचा आयडी, म्हणजे मेमरीतल्या वस्तूची ओळख सांगणारा आकडा, छापून पाहिला. दोन्ही आकडे एकच, म्हणजे यादीही एकच!

चेनमॅपमध्ये लिहिलेलं फक्त पहिल्या, म्हणजे सर्वांत खालच्या डिक्शनरीत जातं, हे मला माहीत होतं. पण अपेंड (यादीच्या शेवटी भर घालणं) म्हणजे चेनमॅपमध्ये लिहिणं नव्हेच. आधी यादी वाचली जाते, ती संस्थेची मूळ यादी असते, आणि बदल तिच्यातच होतो.

मग जुनी यादी अधिक नवी तारीख अशी नवी यादी करून ती शाखेच्या किल्लीवर ठेवली. शिवाय संस्थेच्या सुट्ट्या टपलमध्ये, म्हणजे बदलता न येणाऱ्या यादीत, हलवल्या. आता कुणी चुकून अपेंड केलं तर तिथेच एरर येते.

वरून आलेली किल्ली शाखेत डिलीट करायला गेलं की कीएरर, म्हणजे ‘किल्ली सापडली नाही’ अशी एरर, मिळते. तिथे मी ‘नन’ (पायथनमधलं ‘काहीच नाही’ हे मूल्य) ठेवतो आणि वाचताना ‘लागू नाही’ असा अर्थ घेतो.