अमेरिकेहून आलेली घरची डीव्हीडी : पाल करू नका, फाइल करा

व्हीएचएस टेपच्या काळापासून सांगलीत लग्नाचं शूटिंग आणि मिक्सिंग केलं. आता कॅमेरा पोरं धरतात. माझ्याकडे येतात ते जुन्या डिस्क घेऊन आलेले लोक. मुलगी न्यू जर्सीला, तिकडच्या बारशाची नाहीतर मंडळाच्या गणपतीची डीव्हीडी कपाटात पडून, आणि मागणी ठरलेली : "काका, एवढी पालमध्ये करून द्या." पाल म्हणजे आपल्याकडच्या टीव्हीची चित्रपद्धत. मी करून देत नाही. त्याऐवजी जे करतो ते घरच्या कॉम्प्युटरवर फुकटच्या सॉफ्टवेअरने कुणालाही जमेल.

आधी गोंधळ मिटवू. रीजन वेगळा, फॉरमॅट वेगळा. दुकानात मिळणाऱ्या सिनेमाच्या डिस्कवर रीजनचं कुलूप असतं : अमेरिका १, भारत ५. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हचा रीजन पाचदाच बदलता येतो, मग तो तिथेच अडकतो. असल्या डिस्कची कुलपं मी उघडत नाही, व्हिडिओचं रूपांतर करणारं हँडब्रेक हे सॉफ्टवेअरही उघडत नाही. घरी बनवलेल्या डिस्कला मात्र रीजन नसतो. तिथे फरक फक्त तिकडची एनटीएससी आणि आपली पाल या टीव्हीच्या चित्रपद्धतींचा. तिकडची वीज ६० हर्ट्झची, चित्र ७२० बाय ४८०, सेकंदाला २९.९७ फ्रेम. आपली वीज ५० हर्ट्झची, चित्र ७२० बाय ५७६, फ्रेम २५. १९८२ साली दूरदर्शन रंगीत झालं तेही पालमध्येच.

आता बघा, २९.९७ चं २५ करायचं म्हणजे दर सेकंदाला पाच फ्रेम फेकायच्या, आणि ४८० ओळींच्या ५७६ करायच्या म्हणजे जादाच्या ओळी सॉफ्टवेअरने मनाने भरायच्या. कॅमेरा पाळण्यावरून पाहुण्यांकडे फिरला की चित्र ठेचकाळतं. हे नुकसान कशासाठी? आजचा जवळपास कुठलाही एलईडी टीव्ही पेन ड्राइव्हवरची ३० किंवा ६० फ्रेमची फाइल विनातक्रार दाखवतो.

पहिलं काम म्हणजे डिस्कमधलं 'व्हिडिओ टीएस' (VIDEO_TS) नावाचं अख्खं फोल्डर हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. सगळं पुढचं काम त्या कॉपीवर करायचं. घरी रेकॉर्ड केलेल्या डिस्कचा रंगथर वर्षांनुवर्षं टिकेलच असं नाही. कॉपी मध्येच अडली तर डिस्क मऊ कापडाने मधून कडेकडे पुसा, गोलगोल नव्हे. आणि डिस्क कॉम्प्युटरला कोरी दिसत असेल तर घाबरू नका. रेकॉर्डरवर ती 'फायनलाइज', म्हणजे रेकॉर्डिंगनंतर बंद, करायची राहिलेली असू शकते. आयसोबस्टरसारखं सॉफ्टवेअर (हे मात्र पूर्ण फुकट नाही) अशा डिस्कमधला माल वाचतं.

मग हँडब्रेक उघडून ते फोल्डर त्यात टाका. टायटलच्या, म्हणजे डिस्कवरच्या व्हिडिओंच्या, यादीत सगळ्यात लांब टायटल बहुधा आपलं असतं. प्रीसेटमध्ये, म्हणजे तयार सेटिंगमध्ये, '५७६पी२५' दिसेल आणि भारतात बसलेल्या माणसाचा हात तिकडेच जाईल. तो पालचा आहे. आपल्याला 'फास्ट ४८०पी३०' घ्यायचा आणि त्यातही थोडे बदल करायचे.

मुख्य बदल फिल्टर्स टॅबमध्ये, आणि घाई करू नये अशी जागा हीच. कॅमकॉर्डरचं चित्र बहुधा इंटरलेस असतं : एका फ्रेममध्ये अर्ध्या ओळी एका क्षणाच्या, अर्ध्या पुढच्या क्षणाच्या. व्हीएलसी प्लेयरमध्ये डीइंटरलेस (हे अर्धे वेगळे करणारं सेटिंग) बंद करून धावत्या मुलावर पॉज करा. त्याच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेषा आल्या, तर माल इंटरलेस आहे. मग डीइंटरलेसमध्ये याडिफ निवडा, त्याचा प्रीसेट 'बॉब' ठेवा, आणि व्हिडिओ टॅबमध्ये फ्रेमरेट ५९.९४, 'कॉन्स्टंट' करा. प्रत्येक अर्ध्याची स्वतंत्र फ्रेम होते आणि हालचाल मूळ टेपइतकी सलग राहते. बॉब लावून फ्रेमरेट ३० वर ठेवलात तर अर्धी मेहनत वाया. रेषा दिसल्याच नाहीत तर डीइंटरलेस बंद, आणि फ्रेमरेट 'सेम ॲज सोर्स'.

व्हिडिओ टॅबवरच एन्कोडर एच.२६४, क्वालिटी आरएफ १८ ते २०. आकडा कमी तेवढं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. १६ च्या खाली जाऊन या मालात काही हाती लागत नाही. ऑडिओ एएसी करा, टीव्हीला तो निमूटपणे चालतो.

डायमेन्शन्समध्ये ॲनामॉर्फिक (चित्राची रुंदी-उंची प्रमाणात ठेवणारं सेटिंग) 'ऑटोमॅटिक' असू द्या. क्रॉपिंग मात्र आपल्या हातात घ्या. अंधाऱ्या हॉलमधल्या शूटिंगला आपोआप क्रॉप कधी कधी कडेची माणसं कापतो. डीव्हीडी व्हीएचएसवरून केलेली असेल तर तळाशी वळवळणारी पट्टी असते. तेवढी खालून आठ-दहा ओळी कापा.

आधी पूर्ण दोन तास चालवू नका, मिनिटभराचा तुकडा काढून टीव्हीवर लावा. आरतीचं ताट गोल दिसलं पाहिजे. ते लांबट दिसलं, बायकांचे चेहरे रुंद झाले, तर पिक्सेलचं प्रमाण चुकलंय. ॲनामॉर्फिक बंद करून ४:३ च्या चित्राला ६४० बाय ४८० आणि १६:९ च्या चित्राला ८५४ बाय ४८० द्या.

कापाकापी करायची असेल तर ती यानंतर, शॉटकट या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. व्हिडिओ मोड 'ऑटोमॅटिक' ठेवून पहिली क्लिप टाका, म्हणजे फ्रेमरेट तोच राहतो. एक्सपोर्ट करताना २५ दिसलं तर थांबा. नावं मराठीत टाकायची तर मुक्ता किंवा नोटोसारखा युनिकोड फॉन्ट घ्या. अल्बमवाल्याच्या जुन्या श्रीलिपी फॉन्टमधला मजकूर चिकटवला तर भलतीच अक्षरं उमटतात. आणि प्रत्येक सीनला फुलं उडणारं ट्रान्झिशन लावू नका. ती चूक आमच्या पिढीने पुरेशी केली आहे.

राहिला जुना डब्बा टीव्ही. आजोबांना तोच हवा असतो. एनटीएससी डिस्क लावल्यावर चित्र काळंपांढरं होऊन घरंगळतं, तेव्हा आधी प्लेयरच्या सेटअपमध्ये टीव्ही टाइप 'पाल' करून बघा. बरेच प्लेयर स्वतःच रूपांतर करून देतात. तेही जमलं नाही तरच डीव्हीडीस्टायलर या डिस्क बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये पाल निवडून डिस्क राइट करा, कमी वेगाने. त्यात हालचाल थोडी अडखळेल, त्याला इलाज नाही.

पेन ड्राइव्ह फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. तेव्हा लांबलचक सोहळ्याचे दोन भाग करा, नाहीतर टीव्हीला चालत असेल तर ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. मूळ डिस्क फेकू नका. ती उभी, डबीत आणि उन्हापासून लांब ठेवा, आणि तिच्या वरच्या बाजूला कागदी लेबल चिकटवू नका.